दीर्घिकांची शिरगणती

एखाद्या गावाची माहिती काढायची आहे असे समजा. गावात माणसे किती, त्यांची वये काय, दरवर्षी मुले किती जन्मतात, वस्ती कोठे दाट आणि कोठे विरळ, हे सारे हवे आहे. एकाच घरी जाऊन तेथल्या मंडळींशी दिवसभर गप्पा मारल्या तर हे कळेल काय? मुळीच नाही. त्यासाठी घरोघर फिरावे लागते, प्रत्येक घरी तेच ठरावीक प्रश्न विचारावे लागतात आणि उत्तरे एकाच पद्धतीने लिहून घ्यावी लागतात. यालाच आपण शिरगणती किंवा जनगणना म्हणतो.

खगोलशास्त्रज्ञांनी गेल्या शतकभरात दीर्घिकांची अशीच शिरगणती चालविली आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचे एक प्रचंड कुटुंब. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. अशा असंख्य दीर्घिका विश्वात विखुरलेल्या आहेत. पण त्यांचे दार ठोठावणार कोण? आपल्या सर्वांत जवळची मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. तेव्हा प्रश्न विचारायचे ते तिकडून आलेल्या प्रकाशालाच. प्रकाशाला बोलते करण्याचे साधन म्हणजे वर्णपट.

प्रकाशाची साक्ष

लोलकातून सूर्यप्रकाश गेला की सात रंगांचा पट्टा दिसतो, हे तुम्ही शाळेत पाहिले आहे. हा पट्टा नीट पसरून पाहिला तर त्यात शेकडो काळ्या रेषा दिसतात. १८१४ साली फ्राउनहोफर याने त्या काळजीपूर्वक टिपल्या. १८५९ मध्ये किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या तरंगलांबीलाच असतात. बोटांच्या ठशांवरून जसा माणूस ओळखावा, तसे रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते.

दीर्घिकेच्या वर्णपटावरून आपल्याला प्रामुख्याने चार गोष्टी कळतात. पहिली, तेथे कोणती मूलद्रव्ये आहेत. दुसरी, दीर्घिकेचा वेग. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर जसा खाली येतो, तशा दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. तिसरी गोष्ट ताऱ्यांचे वय. तरुण तारकासमूह निळसर असतो, म्हातारा तांबूस असतो आणि त्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या ठळक काळ्या रेषा दिसतात. चौथी गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती म्हणजे तेथे सध्या तारे जन्मत आहेत की नाहीत. नुकत्याच जन्मलेल्या अतितप्त ताऱ्यांमुळे भोवतालचा हायड्रोजन वायू उजळतो आणि ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची तांबडी तेजस्वी रेषा देतो. (१ अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) असे तप्त तारे फार काळ जगत नाहीत. म्हणून ही रेषा दिसली की समजावे, या घरात पाळणा हलतो आहे.

एक उदाहरण सोडवून पाहू. एका दीर्घिकेत हीच रेषा ६५६३ ऐवजी ६७६० अँगस्ट्रॉमला सापडली. रेषा १९७ अँगस्ट्रॉम सरकली. १९७ ला ६५६३ ने भागले की ०.०३ येतात. प्रकाशाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला ३,००,००० कि.मी.च्या, ०.०३ पट म्हणजे सेकंदाला ९,००० कि.मी. हा दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग. अंतराच्या दर दहा लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला सुमारे २१.५ कि.मी.ने वाढतो. म्हणून ही दीर्घिका सुमारे ४२ कोटी प्रकाशवर्षे दूर असली पाहिजे. आकडा मोठा वाटला तरी विश्वाच्या पसाऱ्यात हिला 'जवळची' दीर्घिकाच म्हणतात!

पाच वर्षांत पंचवीस

हे सारे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात दीर्घिकेचा प्रकाश अतिशय मंद असतो आणि तोच पुन्हा रंगारंगांत पसरून टाकायचा. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लोवेल वेधशाळा आहे. तेथे १९१२ साली व्हेस्टो स्लायफर यांनी २४ इंची दुर्बिणीने देवयानीचा वर्णपट मिळविला. त्यासाठी छायाचित्रणाची काच तासन् तास उघडी ठेवावी लागे. तेवढ्यानेही भागले नाही, तर तीच काच दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच जागी लावावी लागे. उत्तर मिळाले ते असे की, देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० कि.मी. वेगाने येत आहे! १९१७ पर्यंत त्यांनी २५ दीर्घिकांचे वेग मोजले. त्यांपैकी २१ दूर जात होत्या. त्या वेळी या वस्तूंना तेजोमेघ म्हणत. त्या आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे पुढे हबल यांच्या वेधांनी सिद्ध झाले.

१९२९ साली एडविन हबल यांनी दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग जास्त, हा संबंध मांडला. नंतरच्या वर्षांत अधिकाधिक दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेण्याचे कष्टाचे काम मिल्टन ह्युमासन यांनी केले. ह्युमासन यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती. माउंट विल्सन वेधशाळा बांधली जात असताना ते खेचरांवरून डोंगरावर सामान नेत, पुढे तेथेच झाडलोटीच्या कामावर लागले आणि आपल्या चिकाटीने वेधकर्ते झाले.

पण हिशेब करा. पाच वर्षांत पंचवीस, या गतीने दहा हजार दीर्घिकांना दोन हजार वर्षे लागतील! शिरगणती करायची तर काही वेगळी युक्ती हवी होती.

साबणाच्या फेसासारखे विश्व

छायाचित्रणाच्या काचेऐवजी इलेक्ट्रॉनीय प्रकाशग्राहक आले आणि कामाला वेग आला. १९७७ ते १९८२ या काळात हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील शास्त्रज्ञांनी सुमारे २,४०० दीर्घिकांच्या ताम्रसृती मोजल्या. दुर्बीण अवघी दीड मीटरची, आणि एका वेळी एकच दीर्घिका. त्यानंतर १९८५ मध्ये मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आणखी मंद दीर्घिकांचे दुसरे सर्वेक्षण हाती घेतले.

त्यांनी आकाशाची एक लांब, अरुंद पट्टी निवडली आणि तिच्यातल्या सुमारे ११०० दीर्घिका अंतराप्रमाणे कागदावर मांडल्या. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या नकाशात दीर्घिका सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. साबणाच्या फेसात जशी पाण्याची पातळ पापुद्री बुडबुड्यांभोवती असते, तशा दीर्घिका पोकळ्यांच्या कडांवर दाटल्या होत्या. मधल्या पोकळ्या कोट्यवधी प्रकाशवर्षे रुंद आणि जवळजवळ ओस. नकाशाच्या मध्यभागी तर हातपाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखी आकृती दिसत होती! १९८९ मध्ये याच सर्वेक्षणातून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे लांबीची 'महाभिंत' उघडकीस आली. कोणत्याही एका दीर्घिकेकडे कितीही वेळ पाहत बसले असते, तरी ही भिंत कोणालाच दिसली नसती. ती शिरगणतीमुळेच दिसली.

भोके पाडलेली तबकडी

खरी झेप घेतली ती प्रकाशतंतूंनी. केसासारखा बारीक काचेचा तंतू एका टोकाने घेतलेला प्रकाश वळणावळणाने दुसऱ्या टोकाला पोचवितो. मग दुर्बिणीच्या दृश्यप्रतलात एकाऐवजी शेकडो तंतू बसवून एकाच वेळी शेकडो वर्णपट का घेऊ नयेत? ऑस्ट्रेलियातील ३.९ मीटर दुर्बिणीवर ४०० तंतूंच्या साह्याने १९९७ ते २००२ या काळात सुमारे २ लाख २० हजार दीर्घिकांची नोंद झाली.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अपाची पॉइंट येथे २.५ मीटर दुर्बीण आहे. तेथे २००० साली 'स्लोन अंकीय आकाश सर्वेक्षण' सुरू झाले. त्याची पद्धत मजेदार होती. आकाशाच्या ज्या भागाचे वेध घ्यायचे, त्याचे आधीच छायाचित्र घेत. दीर्घिकांच्या नेमक्या जागा काढून ॲल्युमिनियमच्या सुमारे ८० सें.मी. व्यासाच्या तबकडीला तेथे तेथे भोके पाडीत. एका तबकडीला अशी ६४० भोके! दिवसा तंत्रज्ञ मंडळी प्रत्येक भोकात हाताने एकेक तंतू खोचीत. कोणता तंतू कोणत्या भोकात, याची चिंता त्यांनी करायची नाही. नंतर तंतूंतून उलट दिशेने प्रकाश सोडून एक यंत्र ती यादी तयार करी. रात्री तबकडी दुर्बिणीला लावली की एकदम ६४० वर्णपट. अशा रीतीने पहिल्या आठ वर्षांत नऊ लाखांहून अधिक दीर्घिकांची नोंद झाली.

या नोंदीतून दीर्घिकांचे दोन मोठे गट स्पष्ट झाले. एक निळसर, जेथे तारे जन्मत आहेत. दुसरा तांबूस, जेथे जन्म जवळजवळ थांबले आहेत. ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे ३,००० कोटी सूर्यांइतके झाले की पहिल्या गटाकडून दुसऱ्याकडे कल जातो, असेही २००३ मध्ये दिसून आले. मग साहजिकच प्रश्न आला की, दीर्घिकेत ताऱ्यांचा जन्म थांबतो तो का? आणि तो प्रथम कोठे थांबतो, मध्यभागी की कडेला?

फक्त आजोबांना विचारले तर?

येथेच शिरगणतीतली उणीव लक्षात आली. स्लोनच्या एका तंतूत आकाशाचा ३ विकला व्यासाचा भाग मावे. (एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला.) आपल्या उदाहरणातील ४२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत हा भाग केवळ सुमारे ६,००० प्रकाशवर्षांचा होतो. दीर्घिका मात्र एक लाख प्रकाशवर्षे रुंद असू शकते! तंतू ठेवीत तो मध्यावर, आणि सर्पिल दीर्घिकांच्या मध्यभागी बहुधा म्हातारे तारेच दाटलेले असतात. तरुण तारे असतात बाहेरच्या फाट्यांत.

म्हणजे झाले काय, तर गणती करणारा घरी आला, ओटीवर बसलेल्या आजोबांना त्यांचे वय विचारले आणि 'या घरातील माणसांचे वय ऐंशी' असे लिहून निघून गेला! आत शाळेत जाणारी नातवंडे आहेत आणि पाळण्यात बाळही आहे, याचा त्याला पत्ताच नाही. आजोबा खोटे बोलले नाहीत. चूक झाली ती एकाच्या उत्तरावरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढण्यात.

दीर्घिकेवर लांबट फट ठेवून तिच्या एका पट्टीचा वर्णपट घेण्याची पद्धत पूर्वीपासून होती. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी त्याच पद्धतीने, दीर्घिकांच्या कडेचे भागही अपेक्षेपेक्षा फार वेगाने फिरतात, हे दाखवून अदृश्य द्रव्याचा भक्कम पुरावा दिला. पण पट्टी म्हणजे संपूर्ण घर नव्हे. हवा होता प्रत्येक खोलीचा वर्णपट.

दहा हजार नकाशे

यावरचा उपाय म्हणजे अनेक तंतूंची एकत्र जुडी. मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जुडी दीर्घिकेच्या प्रतिमेवर ठेवली की प्रत्येक तंतू वेगळ्या जागेचा प्रकाश घेतो. स्पेनमधील कालार आल्तो येथील 'कॅलिफा' सर्वेक्षणाने सहाशेहून अधिक आणि ऑस्ट्रेलियातील 'सामी' सर्वेक्षणाने सुमारे तीन हजार जवळच्या दीर्घिका तंतूंच्या अशा जुड्यांनी तपासल्या. सर्वांत मोठे काम झाले ते स्लोनच्याच दुर्बिणीवर, २०१४ ते २०२० या काळात. त्या सर्वेक्षणाला त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'मंगा' म्हणतात. त्यात सुमारे दहा हजार दीर्घिकांचे नकाशे तयार झाले.

एका तबकडीवर दीर्घिकांसाठी १७ जुड्या असत. लहान जुडीत १९ तंतू, मोठीत १२७; मधल्या जुड्यांत ३७, ६१ किंवा ९१. हेच आकडे का? रुपयाची नाणी घेऊन करून पाहा. एक नाणे मध्ये ठेवा, त्याभोवती बरोबर सहा बसतील. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. बेरीज करीत जा म्हणजे उलगडा होईल. नाण्यांच्या मधे बारीक फटी राहतात, हेही तुमच्या लक्षात येईल. तंतूंमध्येही त्या राहतात. म्हणून दुर्बीण किंचित सरकवून तीन निरनिराळ्या जागी वेध घेत आणि फटी भरून काढीत.

आता प्रत्येक जागेचा वर्णपट हाती आला. समजा, दीर्घिकेच्या एका बाजूची हायड्रोजन रेषा मध्यापेक्षा ४.४ अँगस्ट्रॉम तांबड्याकडे आणि दुसऱ्या बाजूची तेवढीच निळ्याकडे सरकलेली आहे. याचा अर्थ एक बाजू आपल्यापासून दूर व दुसरी आपल्याकडे, सेकंदाला सुमारे २०० कि.मी. वेगाने जात आहे. म्हणजेच दीर्घिका फिरते आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी तिचे वजनही करून पाहावे. वर्तुळाकार गतीत वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्वस्थिरांक, म्हणजे आतील वस्तुमान. त्रिज्या ३०,००० प्रकाशवर्षे घेतली तर उत्तर सुमारे ८,५०० कोटी सूर्यांइतके येते. रेषेचे सरकणे साडेचार अँगस्ट्रॉमसुद्धा नाही, आणि तेवढ्यावरून दीर्घिका तोलली गेली!

नकाशांनी काय सांगितले?

मोठ्या वस्तुमानाच्या बऱ्याच दीर्घिकांत ताऱ्यांचा जन्म प्रथम मध्यभागी मंदावतो आणि मग ही शांतता बाहेर पसरते, असे या नकाशांत दिसते. याउलट, दीर्घिकांच्या दाट वस्तीत राहणाऱ्या काही दीर्घिकांत जन्म आधी कडेला थांबतात, कारण त्यांचा बाहेरचा वायू काढून घेतला जातो. म्हणजे थांबण्याचे कारण एकच नाही. एक आतले, तर दुसरे शेजाराचे.

काही शांत दीर्घिकांत वायूचा साठा आहे, पण तारे मात्र जन्मत नाहीत. २०१६ मध्ये अशा दीर्घिकांच्या नकाशांत मध्यापासून बाहेर वाहणारे वारे आढळले. मध्यभागीच्या कृष्णविवराच्या जोरावर वाहणारे हे वारे वायूला थंड होऊ देत नाहीत. आणि वायू थंड झाल्याशिवाय तारा बनत नाही. त्याच वर्षी आणखी एक गैरसमज दूर झाला. शांत दीर्घिकांच्या मध्यभागी एक विशिष्ट प्रकारच्या मंद तेजोरेषा दिसत, आणि त्या तेथील कृष्णविवरामुळे असाव्यात असे पुष्कळदा मानले जाई. नकाशे काढल्यावर दिसले की त्याच रेषा दीर्घिकाभर पसरलेल्या आहेत. एकटे कृष्णविवर एवढ्या दूरवर असा उजेड पाडणार नाही. बहुतेक ठिकाणी तो म्हाताऱ्या पण तप्त ताऱ्यांचा असला पाहिजे. आजोबांच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबणे किती धोक्याचे असते, त्याचा हा उत्तम दाखला आहे.

घरे निवडावी कशी?

शिक्षकांनी वर्गात चर्चेला घ्यावा असा एक मुद्दा येथे आहे. रात्री घाटावरून खोऱ्यातील दूरच्या गावाकडे पाहिले तर मोठे दिवेच तेवढे दिसतात. म्हणून त्या गावात कंदीलच नाहीत, असे म्हणावे काय? दीर्घिकांच्या बाबतीतही दूरच्या मंद दीर्घिका सुटतात आणि तेजस्वी तेवढ्या यादीत येतात. शिवाय तंतूंची टोके एकमेकांना खेटून बसत नाहीत, म्हणून शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन दीर्घिकांपैकी एक कधीकधी राहून जाते. चांगल्या सर्वेक्षणात निवडीचा नियम वेध घेण्यापूर्वीच ठरवितात आणि काय सुटले त्याचाही हिशेब ठेवतात. मंगा सर्वेक्षणात लहान आणि मोठ्या वस्तुमानाच्या दीर्घिकांना सारखी संधी मिळेल अशी निवड केली होती. सुंदर दिसतात म्हणून निवडलेल्या दीर्घिकांवरून सुंदर लेख लिहिता येईल, पण नियम काढता येणार नाही.

ही सारी माहिती जगात कोणालाही फुकट वापरता येते. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोनच्याच नोंदी तपासून मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर असलेला दीर्घिकांचा प्रचंड महासमूह शोधून काढला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या त्या महासमूहाला त्यांनी 'सरस्वती' हे नाव दिले. दुर्बीण अमेरिकेत असली तरी प्रश्न विचारणारे डोके कोठेही असू शकते!

तबकड्या आणि हाताने खोचलेले तंतू आता मागे पडले. २०२१ मध्ये ॲरिझोनातील किट पीक येथे 'डेसी' सर्वेक्षण सुरू झाले. तेथे ५,००० छोटे यंत्रमानव ५,००० तंतू आपापल्या जागी नेऊन ठेवतात. २०२५ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या संचात १ कोटी ३० लाखांहून अधिक दीर्घिका आहेत. पण तेथे प्रत्येक दीर्घिकेला तंतू मिळतो तो एकच. म्हणजे घरे कोट्यवधी, पण प्रत्येक घरी साक्ष एकाचीच. मंगामध्ये घरे दहा हजारच, पण तपासणी खोलीखोलीची. यातले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. विश्वाची वस्ती कशी पसरली आहे हे पहिल्याने कळते, घरात काय चालले आहे हे दुसऱ्याने.

आपली आकाशगंगा आपण कधीच बाहेरून पाहू शकणार नाही, कारण आपण तिच्याच एका खोलीत बसलो आहोत. तिच्यात आजही तारे जन्मत आहेत. हे किती काळ चालेल आणि ते थांबायला कोठून सुरुवात होईल, याचे उत्तर तिच्यासारख्या इतर घरांत डोकावूनच मिळणार आहे.

करून पाहा : बुटांच्या रिकाम्या खोक्याला एका बाजूस ब्लेडच्या दोन पात्यांमध्ये केसाएवढी फट ठेवा. समोरच्या बाजूस जुनी सीडी तिरपी बसवा आणि वरून पाहण्यासाठी एक भोक पाडा. फट दिव्याकडे धरली की सीडीवर वर्णपट दिसेल. आधी एलईडी दिवा पाहा, नंतर जुनी ट्यूबलाइट पाहा. एकात अखंड पट्टा आणि दुसरीत सुट्या तेजस्वी रेषा का दिसतात, याचा विचार करा. ब्लेड मोठ्यांच्या देखरेखीखालीच हाताळा आणि खोके सूर्याकडे कधीही धरू नका.